धमाक्याचा दुसरा भाग घरी कसा बघावा

पहिला भाग कुठेही बघा. थिएटरात बघा, टीव्हीवर साबणाच्या जाहिरातींसकट बघा, पुण्याला जाताना व्हिडिओ कोचमध्ये मान वाकडी करून बघा. दुसरा भाग मात्र घरी बघायचा, रिमोट आपल्या हातात ठेवून. धमाक्याच्या सिनेमांपुरतं हे माझं पक्कं मत आहे आणि आमच्या घरात ते कोणालाही पटलेलं नाही.

का, ते आधी सांगतो, म्हणजे पुढची खटपट कशासाठी ते कळेल. दुसरा भाग काढणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. समोर बसलेल्याने पहिला बघितलेला आहे. त्यामुळे त्याचं प्रत्येक दृश्य पहिल्याशी पैज लावून उभं असतं. तिथे मॉडेल उडवलं होतं काय, मग इथे खरी इमारत उडवू. तिथे एक राक्षस होता, इथे वारूळभर सोडू. थिएटरात ही पैज नीट कळत नाही, कारण पहिला बघून पाच-सात वर्षं झालेली असतात. घरी शनिवारी पहिला, रविवारी दुसरा. कोण जिंकलं ते सोमवारी सकाळी चहा पिताना सांगता येतं.

माझा धंदा मंडपात साऊंड लावायचा. कराड आणि आसपासची गावं. लग्न, सप्ताह, गणपती, कबड्डीचे सामने. बेसच्या पेट्या उचलून कंबर गेली, पण मोठा आवाज वेगळा आणि भरदार आवाज वेगळा हे त्यातूनच कळलं. लोक मला घरी बोलावतात तेही त्यासाठीच. "होम थिएटर आणलंय, पण पिक्चरमधला स्फोट फुसका वाटतोय, जरा येऊन बघता का?" गेल्यावर मी जे करतो ते इथे लिहितो आहे.

आधी जोडी जमवा

सुरुवात 'टर्मिनेटर'च्या, म्हणजे माणसाच्या रूपातल्या मारेकरी यंत्राच्या, जोडीने करा, बाकी सगळं नंतर. पहिला १९८४ चा, सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये बनलेला. दुसरा, 'जजमेंट डे', १९९१ चा, खर्च सुमारे १० कोटी डॉलर. दिग्दर्शक तोच, जेम्स कॅमेरून. पहिल्याच्या शेवटाकडे इंधनाचा टँकर उडतो, ते लहान मॉडेल आहे. दुसऱ्यात सायबरडाइन कंपनीची इमारत उडते, ती कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटमधली खरीखुरी ऑफिसची इमारत. मॉडेल म्हणून पहिला हलका पडतो असं समजू नका. ट्रक छोटा करता येतो, ज्वाळा छोटी करता येत नाही. म्हणून मॉडेलचा स्फोट कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्रित करतात आणि पडद्यावर तो संथ होतो, म्हणजे आग मोठी भासते. दोन्ही स्फोट पाठोपाठ लावा. मॉडेलच्या आगीत ज्वाळेच्या जिभा ट्रकच्या मानाने जरा जाड दिसतात. एकदा हे डोळ्याला कळलं की कुठल्याही जुन्या सिनेमात मॉडेल ओळखता येतं.

याच जोडीत आवाजाचाही धडा आहे. पहिला 'टर्मिनेटर' मुळात मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचा होता. नंतरच्या डिस्कवर त्याला ५.१ चा (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक वूफर) साज चढवताना बंदुकांचे आवाजही बदलले. मेन्यूत मूळ मोनो ट्रॅक दिसला तर बिनधास्त तोच लावा. मग दुसऱ्या दिवशी 'जजमेंट डे' सुरू झाला की खोली चहूबाजूंनी उघडल्यासारखी होते. त्या सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, त्यांतले दोन आवाजाचे.

दुसरी जोडी 'एलियन' (१९७९) आणि 'एलियन्स' (१९८६). पहिला रिडली स्कॉटचा, शांततेवर चालणारा. दुसऱ्यात कॅमेरूनने अख्खी फौज उतरवली. पहिला दिवे मालवून बघा आणि आवाज वाढवण्याच्या मोहात पडू नका. दुसऱ्याला दिवाणखाना भरलेला असला तरी चालतो.

'रँबो'ची जोडी बघताना हसू येईल. पहिला भाग, १९८२ चा 'फर्स्ट ब्लड', हा गावाने हाकलून दिलेल्या एका माजी सैनिकाचा उदास सिनेमा आहे. त्यात आपल्यासमोर मरणारा माणूस एकच, आणि तोही अपघाताने. तीन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात हाच गृहस्थ बाणाच्या टोकाला स्फोटक लावून समोरच्याला उडवतो. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ पार्लरमध्ये आम्ही दुसरा आधी बघितला आणि पहिला बघायला बसलो तेव्हा मागच्या बाकावरून "अरे, मारामारी कधी?" अशा हाका सुरू झाल्या. क्रम पाळा.

'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) हा चौथा भाग, पण त्याला आधीचे तीन बघायची सक्ती नाही. 'लीथल वेपन ३' (१९९२) सुद्धा सुटा बघता येतो. त्यातली इमारत मला फार प्रिय आहे; तिच्याकडे पुढे येतो.

कोणता कट लावायचा

थिएटरात एकच आवृत्ती मिळते, डिस्कवर दोन-तीन. लोक सरसकट सगळ्यात लांब ती लावतात आणि कंटाळतात.

'जजमेंट डे'ची थिएटरची आवृत्ती १३७ मिनिटांची आहे आणि विशेष आवृत्ती साधारण १५ मिनिटांनी लांब. पहिल्यांदा बघणार असाल तर १३७ ची. ती घट्ट बांधलेली आहे. दुसऱ्या खेपेला लांब आवृत्ती लावा, कारण तिच्यात एक असा प्रसंग आहे जो थिएटरच्या आवृत्तीत नव्हताच. घरी बघणाऱ्यांच्या वाट्याला आला तो लेसरडिस्क आणि डीव्हीडीमुळे. टर्मिनेटरच्या डोक्यातली चिप काढतात तो. श्वार्झनेगर आरशासमोर बसलाय, मागे उभी राहून नायिका लिंडा हॅमिल्टन त्याचं डोकं उघडतेय, आणि कॅमेरा हे सगळं आरशात बघतोय. तिथे आरसा नाहीच. भिंतीला मोकळी चौकट आहे. अलीकडे पाठमोरा पुतळा आणि त्याच्या डोक्याशी लिंडाची जुळी बहीण लेस्ली. चौकटीपलीकडे खरा श्वार्झनेगर आणि खरी लिंडा. दोघी बहिणींनी हातांच्या हालचाली एकमेकींशी जुळवल्या आहेत. इथे रिमोट हवाच. दोघींचे हात एकदम बघता येत नाहीत, तीन-चारदा मागे न्यावं लागतं.

'एलियन्स'च्या बाबतीत उलट इशारा. त्याचीही १५४ मिनिटांची लांब आवृत्ती आहे, पण तिच्यात अंतराळातल्या वसाहतीतली माणसं सुरुवातीलाच जिवंत दाखवतात, त्यामुळे नंतर फौज तिथे पोचते तेव्हाचं गूढ निम्मं होतं. पहिल्यांदा १३७ मिनिटांचीच. मग लांब आवृत्तीत आपोआप चालणाऱ्या बंदुकांचा प्रसंग बघा. बोगद्यात काय चाललंय ते बराच वेळ आपल्याला नुसतं ऐकू येतं आणि पडद्यावर उरलेल्या गोळ्यांचा आकडा उतरत जातो. राक्षस जवळजवळ न दाखवता घाम फोडणारा प्रसंग आहे.

'डाय हार्ड'चा चौथा भाग (२००७) अमेरिकेत थिएटरसाठी सौम्य केला होता. नायकाची ती सुप्रसिद्ध शिवी बंदुकीच्या आवाजात बुडवली. डिस्कवरच्या 'अनरेटेड' आवृत्तीत शिवी पूर्ण ऐकू येते आणि रक्तही जास्त आहे. मुलं झोपल्यावर तीच बघा.

जाता जाता एक गोंधळ सोडवून टाकतो. डीव्हीडीच्या पाठीवर १३७ ऐवजी १३१-१३२ मिनिटं दिसली म्हणजे सिनेमा कापलाय असं नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडची पाल पद्धत २५ ची. म्हणून तो चार टक्के जलद धावतो. सूरही सुधारून घेतला नसेल तर आवाज जवळपास एका अर्धस्वराने चढतो. श्वार्झनेगर किंचित बारीक आवाजात बोलतो. भजनी मंडळींच्या कानाला हे लगेच लागतं. ब्लू-रेवर ही भानगड नाही.

डिस्क की स्ट्रीमिंग

नाटकी सिनेमे, विनोदी सिनेमे खुशाल स्ट्रीमिंगवर बघा. स्फोटासाठी डिस्क. याला कारण आहे. दोघं टेबलाशी बसून बोलत असतील तर मागची भिंत प्रत्येक फ्रेममध्ये तीच असते, त्यामुळे ती थोडक्या डेटात मावते. स्फोटात धूर, माती, ठिणग्या, काचा यांचं सगळं प्रत्येक फ्रेमला नवीन. जिथे सिनेमा सगळ्यात भारी असतो तिथेच डेटाची सगळ्यात जास्त गरज पडते, आणि इंटरनेट नेमकं तिथे हात आखडतं. धुराच्या कडेला चौकोन दिसतात, आकाशात पट्टे उठतात. ४के स्ट्रीमिंग साधारण सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटवर चालतं. ४के डिस्क गरज पडली तर १०० च्याही वर जाते. आवाजात तर फरक आणखी उघड आहे. स्ट्रीमिंगवर डॉल्बी डिजिटल प्लस, दाबून बसवलेला. डिस्कवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, स्टुडिओत होता तसा.

ज्यांनी व्हीसीडी बघितली आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ३५२ बाय २८८ चं चित्र, स्टिरिओ आवाज आणि ऐन रंगात आल्यावर दुसरी सीडी घालायला उठायचं. त्यातला स्फोट म्हणजे नारिंगी फरशी.

डिस्क बाहेरून मागवणार असाल तर विभाग बघून घ्या. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये. ब्लू-रेसाठी आपण 'सी', अमेरिका 'ए', युरोप 'बी'. बऱ्याच ब्लू-रे सगळीकडे चालतात पण सगळ्याच नाहीत. पाकिटावर किंवा विक्रेत्याच्या माहितीत तपासा. ४के डिस्कला विभागाची कटकट नाही. प्लेयर नसला तर घरातल्या पोराचा गेमिंगचा डबा बघा. डिस्कचा खण असलेलं प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स ४के डिस्क वाजवतात.

आणि ४के लिहिलंय म्हणजे चांगलंच, असं धरून चालू नका. 'जजमेंट डे'च्या २०१७ च्या ४के आवृत्तीत फिल्मचा दाणा (चित्रावरची बारीक कणकण) इतका घासून काढलाय की चेहरे मेणाचे वाटतात. 'एलियन्स'च्या २०२४ च्या ४के डिस्कवरूनही शौकिनांत अशीच वादावादी झाली. फिल्मवर काढलेल्या सिनेमात दाणा असायचाच. तो दिसला म्हणून टीव्हीतलं 'नॉइज रिडक्शन' चढवू नका.

आवाज, म्हणजे खरं काम

स्फोट डोळ्याला दिसतो क्षणभर, बाकीचा सगळा अंगाला कळतो. म्हणून बजेट थोडं असेल तर टीव्ही एक साइज लहान घ्या आणि उरलेले पैसे वूफरला द्या.

फुसक्या धमाक्याची तक्रार घेऊन मी ज्या घरात जातो तिथे यंत्र सहसा ठीकच असतं. टीव्हीत 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'व्हॉल्यूम लेव्हलिंग' नावाची सोय चालू असते. ती कुजबूज वर ओढते आणि स्फोट खाली दाबते, दोन्ही एका पातळीला आणते. जाहिराती अंगावर येऊ नयेत म्हणून ठीक आहे, पण धमाका मोठा वाटतो तो आधीच्या शांततेमुळे. शांतताच खाल्ली तर मागे काही उरत नाही. आधी हे बंद करा. रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर) किंवा साऊंडबारवर (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) 'नाइट मोड', 'डायनॅमिक रेंज' अशा नावाने हीच सोय पुन्हा असते, तीही दिवसा बंद ठेवा. निम्म्या घरांत माझं काम इथेच संपतं आणि चहा घेऊन मी निघतो.

मग वायर. प्लेयरची एचडीएमआय वायर आधी रिसीव्हरला, तिथून टीव्हीला. प्लेयर टीव्हीला जोडून आवाज साध्या एआरसीने (टीव्हीचा आवाज त्याच वायरने रिसीव्हरला परत पाठवायची सोय) परत आणलात तर ट्रूएचडी येणार नाही. त्यासाठी दोन्हीकडे तिचीच सुधारलेली आवृत्ती, ईएआरसी, हवी. प्लेयरच्या मेन्यूत आवाज 'बिटस्ट्रीम'वर आणि 'सेकंडरी ऑडिओ' बंद.

रिसीव्हरच्या मेन्यूत स्पीकर 'लार्ज' की 'स्मॉल' असं विचारतात. स्पीकर कितीही उंच असले तरी 'स्मॉल' लावा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला. काही लोकांना यात अपमान वाटतो. अहो, ८० च्या खालचं काम वूफरला दिलं की बाकीचे स्पीकर मोकळे होतात आणि संवाद साफ ऐकू येतात. ५.१ मधला तो 'पॉइंट वन' मुळात याच कामासाठी ठेवलेला वेगळा ट्रॅक आहे. स्फोट, गडगडाट, हेलिकॉप्टरचा धसका त्यात भरतात. त्यानंतर रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकर बसायच्या जागी ७५ डेसिबलला आणा. फोनमधलं मीटर अचूक नसतं, पण स्पीकर एकमेकांशी जुळवायला पुरतं.

आता वूफर कुठे ठेवायचा. उघड्या मैदानात मला बेससाठी पेट्यांवर पेट्या रचाव्या लागतात, कारण आवाज निघतो तो सरळ उसाच्या शेतात जातो. घरात भिंती तो परत करतात. हा फायदाही आहे आणि पीडाही. बारा फुटी खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर दोन भिंतींच्या मधे अडकून घुमतो, दहा फुटी खोलीत ५६ चा. मग ट्रक, वीज, स्फोट, घोड्याच्या टापा, सगळ्यांचा एकच "बूं". उपाय जुना आहे आणि थोडा लाजिरवाणा. वूफर उचलून तुमच्या सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बेस असलेलं एखादं गाणं लावा. आता भिंतीकडेने जमिनीलगत कान नेत खोलीभर रांगा. जिथे बेस घट्ट आणि सुटा ऐकू येईल, तिथे वूफर ठेवायचा. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो, पण सहसा तिथेच तो जास्त घुमतो. माझी बायको हा प्रकार बघून एकदा म्हणाली, "अहो, दार तरी लावून घ्या." लावून घ्या.

वूफर बसला की खोली बोलायला लागते. मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणतात, शोकेसची काच थरथरते, सरकत्या खिडकीचं तावदान खोबणीत वाजतं. लोकांना वाटतं वूफर फाटलाय. एकाने गाणं चालू ठेवायचं, दुसऱ्याने तळहात टेकवत फिरायचं. हात ठेवल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. काचेखाली नमद्याच्या टिकल्या, खिडकीच्या खोबणीत कागदाची घडी, भांड्यांमध्ये एखादं फडकं. भांडी मागच्या खोलीत हलवा असं कोणाला सुचवू नका, मी सुचवून बघितलंय.

साऊंडबार असेल तर यातलं निम्मंच लागू पडतं, पण वूफर वेगळा असलेला बार घ्या.

चित्र, थोडक्यात

टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारा 'मोशन स्मूदिंग' नावाचा जो काही प्रकार असेल (प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते) तो बंद करा, नाहीतर १० कोटी डॉलरचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावा. शार्पनेस खाली. पडदे ओढा, कारण स्फोटाचा उजेड खोलीतल्या अंधाराच्या मानानेच कळतो.

'द डार्क नाइट' (२००८) ब्लू-रेवर बघताना वरखालच्या काळ्या पट्ट्या मधेच नाहीशा होतात आणि चित्र पडदाभर पसरतं. टीव्ही बिघडलेला नाही. ती दृश्यं मोठ्या फिल्मच्या आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेली आहेत. सुरुवातीच्या बँक दरोड्यातच हे दिसेल. टीव्हीचं 'झूम' सेटिंग चुकून चालू असेल तर ही मजा जाते, म्हणून 'ओरिजिनल' किंवा 'जस्ट स्कॅन'वर ठेवा.

रिमोट कसा वापरायचा

पहिल्यांदा सिनेमा सलग बघा. कोणी फोन केला तरी थांबवू नका. दुसऱ्या दिवशी आवडलेला एकच प्रसंग काढा आणि तो तीन तऱ्हांनी बघा.

एकदा डोळे मिटून. 'जजमेंट डे'चा आवाज गॅरी रायडस्ट्रॉमचा आहे. पाऱ्यासारखा पातळ होणारा धातूचा खलनायक मनोरुग्णालयातल्या गजांच्या दारातून आरपार जातो, तो चिकट आवाज कुत्र्याचं खाणं डब्यातून सरकत बाहेर पडतानाचा आहे. डोळे उघडे असताना हे कधी कळणार नाही, कारण डोळ्यासमोर धातू असतो आणि कान मुकाट्याने धातू ऐकतात. नंतर लोखंडाच्या कारखान्यातला शेवट ऐका. ते चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या फोंटाना इथल्या बंद पडलेल्या कैसर स्टीलच्या कारखान्यात झालं. भट्ट्या केव्हाच थंड झालेल्या होत्या. आपल्याला जो धगधगाट ऐकू येतो तो सगळा नंतर भरलेला.

मग एकदा आवाज पूर्ण बंद करून. आवाज गेला की डोळा कडेकडेला फिरायला लागतो. इथे 'लीथल वेपन ३'ची इमारत काढा. सुरुवातीलाच दोघं पोलीस बॉम्ब निकामी करायला जातात, चुकीची वायर कापतात आणि अख्खी इमारत बसते. ती ऑर्लँडो शहराची जुनी नगरपालिका. शहराला ती पाडायचीच होती, १९९१ च्या ऑक्टोबरात पाडली, आणि सिनेमावाले कॅमेरे घेऊन हजर राहिले. एवढंच नाही, तेव्हाचे महापौर बिल फ्रेडरिक यांनी धुरळा बसल्यावर "ब्राव्हो" म्हणणाऱ्या पोलिसाचं कामही केलं. आपल्या नगरपालिकेची जुनी इमारत पाडायची वेळ आली तेव्हा मला हे सारखं आठवत होतं. असली इमारत पुन्हा उभी करून पाडता येत नाही, म्हणून एकाच वेळी बरेच कॅमेरे लावतात. फ्रेम फ्रेम पुढे नेत बघितलं तर कोसळणारा तोच मजला वेगळ्या कोनातून पुन्हा सुरू होताना सापडतो. खऱ्या घटनेचे सेकंद संपादक असे ताणतो.

'द डार्क नाइट'मधला दवाखानाही खरा पडलेला आहे. शिकागोतल्या ब्राक्स या गोळ्या-चॉकलेटच्या बंद कारखान्याची इमारत. परिचारिकेच्या पोशाखातला खलनायक जोकर बाहेर येतो, स्फोट मधेच थांबतात, तो हातातलं बटण झटकतो आणि मग उरलेली इमारत जाते. स्फोट चुकून अडकले आणि जोकर झालेल्या हीथ लेजरने वेळ मारून नेली, अशी गोष्ट सगळीकडे फिरते. ती खरी नाही. ती थांबण्याची जागा आधीच आखलेली होती. स्फोटकं भरलेल्या इमारतीसमोर नटाला आयत्या वेळी काही सुचेल यावर कोणी भरवसा ठेवत नाही. आमच्याकडे साधी आतषबाजी असली तरी दोरीपलीकडे कोणाला जाऊ देत नाहीत.

तिसऱ्यांदा, टीव्हीच्या मधोमध बोट धरून. हा प्रयोग 'फ्युरी रोड'वर करा. नामिबियाच्या वाळवंटात केलेलं चित्रीकरण, सतत कापाकापी, गाड्यांवर गाड्या, तरी कोण कुठे आहे ते आपल्याला कळत राहतं. बघायची गोष्ट दर शॉटमध्ये चौकटीच्या मध्याशी ठेवलेली आहे, म्हणून डोळ्याला शोधावं लागत नाही. बोट धरा, बोटाजवळच सगळं घडताना दिसेल. मार्गारेट सिक्सेलला संपादनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. हाच प्रयोग हल्लीच्या कुठल्याही घाईच्या सिनेमावर करून बघा. बोट तिथेच राहतं आणि नजर खोलीभर पळते.

आणि खऱ्या धोक्याचा एक शॉट. 'जजमेंट डे'मध्ये पाठलाग करणारं हेलिकॉप्टर रस्त्यावरच्या पुलाखालून जातं. ते संगणकाने काढलेलं नाही. चक टँबुरो या पायलटने खरोखर पुलाखालून नेलं. खलनायक काचेतून आत शिरून ज्याला उतरायला सांगतो तो पायलटही टँबुरोच.

खाली राहणारे

रात्री १० नंतर आमचा मंडपातला आवाज बंद होतो, आणि घरातल्या वूफरलाही मी तीच वेळ लावतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. पण मीटरपेक्षा स्लॅब महत्त्वाचा. संवाद भिंतीत अडतात, ३० हर्ट्झचा धक्का अडत नाही. त्याची एक लाट अकरा मीटरची असते, ती तुमची बारा फुटी खोली मानत नाही. वूफरखाली जाड रबर किंवा फोम ठेवला की जमिनीला होणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा आवाज मात्र तसाच राहतो. त्यामुळे रात्री वूफर चार-पाच डेसिबलने उतरवा, दिवसा बंद ठेवलेला 'नाइट मोड' आता चालू करा, किंवा सरळ हेडफोन. खालच्या काकूंना मी एकदा रविवारी दुपारी 'एलियन्स' बघायला बोलावलं. त्यांनी शेवटपर्यंत बघितला, नायिका रिप्ली यंत्रात चढून राक्षसांच्या राणीशी भिडते तिथे "बरोबर केलं" म्हणाल्या, आणि त्यानंतर तक्रार करायच्या आधी फोन करून "कुठला चाललाय?" एवढं विचारतात.

तिसऱ्या भागांबद्दल विचाराल तर विकत घ्यायची घाई नको. 'टर्मिनेटर'चा तिसरा (२००३) कोणाकडून तरी मागून आणा, क्रेनचा ट्रक घरंदारं फोडत जातो तेवढा पाठलाग पूर्ण आवाजात बघा आणि डिस्क परत करा.